ताप नसल्याचा ताप

गाडी तापते, अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात आला की त्याच्याशी काय बोलायचं हे आम्हा स्पेअरपार्टवाल्यांना पाठ असतं. पंख्याचा पट्टा सैल झाला असेल, रेडिएटर चोंदला असेल, वॉटरपंप गळत असेल. आणि गिऱ्हाईक खिशानं जरा बरं दिसलं तर हेड गॅस्केट. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गल्लीत दिवसभर हाच जप चालतो. पण एका ऊसहंगामाच्या तोंडाला मामा दुकानात आले, पायरीवर चपला काढल्या (स्पेअरपार्टच्या दुकानात चपला काढून येणारं दुसरं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय), आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मालक, गाडी तापत न्हाई."

मी त्यांचं अभिनंदन केलं. ते त्यांना आवडलं नाही.

चांगल्या बातमीचा धसका घेणारी माणसं असतात, त्यांतले मामा. ही जमात आपल्याकडे पुष्कळ आहे; ट्रक बाळगत नाही म्हणून उजेडात येत नाही एवढंच. वीजबिल कमी आलं की ही माणसं जिन्याखाली जाऊन मीटर बघतात. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला काही झालेलं नाही, की दुसरा डॉक्टर गाठतात. मामांचा थोरला जावई निर्व्यसनी निघाला, तर मामा लग्नानंतर वर्षभर त्याच्या मागावर होते, असं खुद्द मामी सांगतात.

यात त्यांच्या नोकरीचाही हात असावा. मामांनी उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. ऊसकरी शेतकरी कारखान्यातल्या कुणावरच फारसा विश्वास टाकत नाही, आणि काट्यावरच्या कारकुनावर तर मुळीच नाही. ऊस घातलेल्या प्रत्येकाला आपली खेप टनभर कमी भरली असंच वाटतं, आणि 'काटामारी' हा शब्द काचेच्या आतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मामा त्यावर कधी चिडले नाहीत. शिक्का मारलेली वजनं आणायची, काट्यावर ठेवायची, आकडा दाखवायचा आणि मग म्हणायचं, "आता तुमचा ऊस आणा." आधी काटा तपासायचा, मग माल, आणि माणसावर आरोप सगळ्यात शेवटी. हा क्रम त्यांच्या अंगात इतका मुरलाय की मामींनी भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं, तर ते आधी गुळण्या करून येतात.

निवृत्तीच्या पैशांतून मुलानं त्यांना मुदतठेव सुचवली होती. मामांनी जुना टाटा १२१० घेतला. या आकड्याचा अर्थ त्यांनी मलाच समजावून सांगितला, मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा असूनही : बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती. त्या बारा टनांत गाडीचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, ही गोष्ट ऊस भरणाऱ्यांनी आजवर मनावर घेतलेली नाही. मामांनी घेतली. त्यामुळे त्यांचा ट्रक कारखान्याच्या रांगेत लांबूनही ओळखू यायचा. इतरांच्या गाड्यांवर ऊस जिथून सुरू झाल्यासारखा दिसे, तिथं मामांच्या गाडीवर तो संपलेला असे.

आणि या गाडीचा तापमानाचा काटा वर चढत नव्हता. मीटरवर ४०, ८०, १२० असे आकडे. काटा चाळीस सोडून जरासा पुढे यायचा आणि तिथंच बसकण मारायचा.

"थंड हाय म्हंजे बरंच हाय की मामा," ड्रायव्हर म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "ह्या मुलखात गाडी थंड ऱ्हायली तर पेढे वाटायचं सोडून तक्रार घेऊन हिंडताय व्हय?" पेट्रोलपंपावरच्या पोरानंही तेच सांगितलं. सगळं जग एका बाजूला आणि मामा आपली वही घेऊन दुसऱ्या बाजूला. वहीत नोंदी होत्या. अ‍ॅव्हरेज साडेचारवरून चारवर आलं. सकाळी धूर जास्त वेळ रेंगाळतो. ऑइल भरायच्या टोपणाच्या आत पिवळट साय धरते.

त्या सायीवर मामांनी मला जे व्याख्यान दिलं, तेवढ्या वेळात माझी दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. पण व्याख्यान बिनचूक होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि त्या तापावर डिझेल पेटवायचं. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर ते पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल पिस्टनच्या रिंगा ओलांडून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. जळताना तयार झालेली वाफ गार लोखंडावर पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये घुसळली जाते, त्याची साय. डिझेलमधलं गंधक त्या पाण्यात मिसळलं की आम्ल, आणि आम्लानं लायनर झिजतात. तापलेलं इंजिन एका दिवसात मरतं आणि सगळा गाव बघायला येतो. गार राहणारं इंजिन वर्षानुवर्षं मरत असतं आणि ड्रायव्हर म्हणतो, बरं हाय की.

"पण मालक," मामा म्हणाले, "गाडी खरंच गार हाय, का काटा खोटं बोलतोय, हे आधी ठरवाय पायजे."

म्हणजे पुन्हा काटामारीच.

इंजिनावर पाण्याच्या वाटेत एक सेंडर बसवलेला असतो आणि त्याच्यापासून एक वायर मीटरकडे जाते. सेंडरच्या पोटातला तुकडा गार असताना विजेला अडवतो आणि तापेल तशी वाट मोकळी करत जातो. त्यातली मेख अशी की वायर तुटली तरी मीटर 'गार' दाखवतं आणि इंजिन गार असलं तरी 'गार'च दाखवतं. यावर उपाय सोपा. चावी चालू ठेवून सेंडरची वायर काढायची आणि इंजिनाच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवायची. काटा झेप घेऊन लाल पट्ट्यात गेला तर मीटर आणि वायर दोन्ही धडधाकट. जागचा हलला नाही तर खोट त्याच बाजूला. फार वेळ टेकवायची नाही, जुनी मीटरं त्यानं जळतात.

मामा स्वतः बॉनेटखाली शिरले आणि काट्याकडे बघायला ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवलं. कशासाठी बसवलंय ते त्याला सांगितलं नाही. साक्षीदाराला आधी काही सांगायचं नसतं, असं मामांचं मत. वायर टेकली. ड्रायव्हर "मामा, पेटली! गाडी पेटली!" असं ओरडत खाली उडी मारून थेट रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीपर्यंत गेला. मामांनी वहीत लिहिलं : मीटर निर्दोष.

मग सेंडर. तो मी नवा दिला. मिस्त्रीनं तो, नळाची तोटी बसवायची सवय असल्यासारखा, आट्यांना धागा गुंडाळून आणि वर सफेदा फासून घट्ट बसवला. काटा होता तिथूनही खाली जाऊन मुडद्यासारखा पडला. एका वायरच्या सेंडरची परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातूनच असते, आणि ती वाट सफेद्यानं बुजलेली. आटे खरवडून साफ केले, तर काटा पुन्हा पहिल्याच जागी, अगदी केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणजे जुना आणि नवा, दोघांची साक्ष एकच. दोन साक्षी जुळल्या की मामा जरा नरम येतात. तिसरीही जुळली असती तर त्यांना कटाचा संशय आला असता.

इंधनाचा काटाही सोबतीनं कमी दाखवतो का, हे बघावं, असं मी सुचवलं. दोन्ही मीटरं एकदम कमी दाखवत असतील तर दोष त्यांना वीज पुरवणाऱ्या मागच्या डबीत किंवा अर्थिंगमध्ये असतो. मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जुन्या ट्रकचा इंधनाचा काटा चालू असतो असं मानणारा माणूस स्पेअरपार्टच्या धंद्यात कसा, असा तो भाव होता. इंधन ते बांबूच्या काठीनं मोजतात. काठीवर खुणा आहेत, आणि त्या खुणाही तपासून केलेल्या आहेत.

रोज पहाटे मात्र ते रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघत, आणि यात चेष्टेचं काही नव्हतं. पाणी कमी झालं आणि सेंडर उघडा पडला, तर तो हवेचंच तापमान सांगत बसतो. आत हेड भाजून निघत असतं आणि काटा गार. गार काट्याचा हा एकच प्रकार असा, की ज्यात गाडी वाटेत मरते. मामांची झोप उडाली होती ती या कल्पनेनं. पण पाणी गळ्याशी भरलेलं असायचं.

आता मालाची तपासणी. सूनबाईंच्या औषधाच्या दुकानात कोरोनातलं कपाळाला रोखायचं पिस्तूल पडून होतं. मामांनी ते इंजिनावर रोखलं. पडद्यावर आकडा न येता इंग्रजीत 'हाय' अशी अक्षरं आली. पंख्याच्या पात्यावर रोखलं, तर 'लो'. माणसाच्या तापापलीकडचं काही मोजायला ते यंत्र जन्मालाच आलेलं नाही. पण मामांनी त्याची शहानिशा करायला मामींचं कपाळ, ड्रायव्हरचं कपाळ आणि गोठ्यातली म्हैस अशी रीतसर फेरी घेतली, आणि म्हशीला कसर आहे असं जाहीर करून घरात आठवडाभर काळजी लावून ठेवली. म्हशीचं अंग आपल्यापेक्षा मुळातच जरा गरम असतं, हे नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं.

शेवटी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत काम करणारा भाचा कामाला आला. गावात ज्याला ते खरोखरचे मामा लागतात असा हा एकटाच. त्याच्याकडे भट्टीवर वापरायचं खरं पिस्तूल होतं. त्यानं आधीच बजावलं होतं की चकचकीत धातूवर रोखू नका, चकाकी त्या यंत्राला फसवते आणि आकडा खाली येतो. काळी चिकटपट्टी लावा आणि त्या पट्टीवर रोखा. फसवणारी चकाकी, हे शब्द ऐकून मामा भाच्यावर जे खूश झाले ते आजतागायत. पट्टी लावली, अर्धा तास गाडी फिरवून आणली, पिस्तूल रोखलं. ५८. काटाही तेवढंच म्हणत होता. माल खरोखरच कमी भरत होता.

तरी थर्मोस्टॅटवर बोट ठेवायच्या आधी मामांनी गाडी घाटात नेली. रत्नागिरीला गुळाची भाडोत्री खेप होती. आंबा घाट उतरताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, पंखा फिरतोय, अशा वेळी काटा टाचणीला टेकला. परत येताना जांभ्याचे चिरे भरले होते. साखरप्यापासून चढ लागला तसा काटा उठला, ऐंशी ओलांडून नव्वदच्या पुढे गेला. वर आंब्याच्या सपाटीला लागल्यावर गडी पुन्हा साठाखाली. मामांनी हे सगळं किलोमीटरच्या दगडांसकट टिपलं. ड्रायव्हर मला म्हणाला, "मालक, माझ्या बायकूच्या बाळंतपणातसुदा एवढ्यांदा वही उघडली नव्हती डॉक्टरनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन चालू करून मामा रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात ठेवून उभे राहिले. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो पाण्याला इंजिनातच घोळवत ठेवतो, ऐंशी-ब्याऐंशी अंशांना उघडायला लागतो, आणि तोवर गार असलेल्या होजचा हाताला एकदम चटका बसतो. इथं होज पहिल्या मिनिटापासून कोमट व्हायला लागला आणि कोमटच राहिला. कुणी अडवणारं आत नव्हतंच.

मिस्त्रीनं हाउसिंगचे बोल्ट खोलले. आत जागा रिकामी.

"त्यो वॉल व्हय?" मिस्त्री म्हणाला. "त्यो कुणी ठेवतंय का आता? आणली गाडी की पयला त्योच काढायचा. त्यो थंड देशासाठनं असतोय. जर्मनीत बर्फ पडतंय, म्हणून त्यांनी घातला, आणि टाटानं त्यांचं बघून घातला."

जर्मनीचं नाव काही हवेतून आलेलं नव्हतं. टाटांनी १९५४ साली ट्रक करायला सुरुवात केली ती मर्सिडीज-बेंझ करणाऱ्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून. तो १९६९ला संपला, पण त्या खानदानाचा धाक गॅरेजांतून अजून आहे. मात्र त्या धाकातही वॉल काढून फेकण्याचं स्वातंत्र्य आपण राखून ठेवलंय. मामांनी मिस्त्रीला शांतपणे विचारलं, बर्फात काय आणि कोल्हापुरात काय, इंजिनाच्या आत किती ताप पाहिजे? मिस्त्री म्हणाला, पाहिजे तेवढा. मामा म्हणाले, तो 'पाहिजे तेवढा' म्हणजे किती, हे सांगणाराच तू काढून टाकलास. शिवाय हा वॉल उघडताना पाण्याची आतल्या आत फिरायची आडवाटही बंद करतो. तो नसला की थोडं पाणी रेडिएटर चुकवून तसंच इंजिनात परत जातं. म्हणजे सपाटीला गरजेपेक्षा गार, आणि घाटात, जिथं गारवा पाहिजे तिथं, गरजेपेक्षा गरम. मिस्त्रीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मिस्त्री लोक हार अशीच मान्य करतात.

मामा माझ्याकडे थर्मोस्टॅट घ्यायला आले. मी खोका उघडून पितळी चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. मधे स्प्रिंग, खाली मेणाची बोंडी. हे मेण तापून फुगतं आणि झडप ढकलतं. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे मी बघितलंय," म्हणाले, आणि चपला न घालताच रस्त्यावर गेले.

गाडी दुकानासमोरच उभी होती. पुढच्या बंपरखाली, रेडिएटरच्या बरोबर समोर, नजरेचा सगळा सरंजाम लोंबत होता : लिंबू-मिरच्या, काळी बाहुली, लहान पोराचं एक पायताण, आणि तारेत ओवलेलं धुळीनं माखलेलं गोल पितळी काहीतरी.

मामांनी हात घातला तसा ड्रायव्हर धावला. "मामा, त्याला हात लावू नगा! जुन्या मालकानं बांधलंय त्ये. त्येच्यामुळं आजवर गाडीला ओरखडा न्हाई."

मामांनी ते सोडून घेतलं आणि घरी गेले. बरोबर माझा नवा थर्मोस्टॅटही नेला, पैसे न देता, तपासणीसाठी. शेजारी राहणाऱ्या विज्ञानाच्या शिक्षिकेकडून शाळेचा काचेचा थर्मामीटर आणला. मामींचं चहाचं पातेलं घेतलं. पहिल्यांदा नुसतं पाणी उकळलं, कारण थर्मामीटर तरी खरा कशावरून? पाणी खळाखळा उकळत असताना पारा ९८ला थांबला. मामांनी थर्मामीटर दोन अंशांनी खोटा ठरवला. शिक्षिकाबाईंनी कुंपणापलीकडून सांगितलं की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं पाणी ९८च्या आसपासच उकळायचं. मामांनी वहीत दुरुस्ती केली : थर्मामीटर निर्दोष, कोल्हापूर उंच.

मग जुना आणि नवा, दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्यांनी पातेल्यात सोडले, तळाला टेकणार नाहीत असे. जुन्यावर ८२ कोरलेलं होतं. ऊनपाऊस, चिखल आणि लिंबाचा रस सोसून तो ८२लाच हलला. नव्यावरही ८२ होतं. तो ७७लाच तोंड वासून बसला.

"ह्या पातेल्यात आता मी चहा करणार न्हाई, सांगून ठेवतो," एवढंच मामी म्हणाल्या.

नवा थर्मोस्टॅट मला परत मिळाला, वर तापमानाच्या नोंदींची चिठ्ठी गुंडाळून. अशा फरकाला कंपन्या चालतं म्हणतात, असं मी सांगून बघितलं. मामा म्हणाले, काट्यावर अशी सूट आम्ही कुणाला दिली नाही. मी विकलं ते एक कागदी गॅस्केट. जुना वॉल जागेवर बसला, आणि संध्याकाळी काटा ऐंशीच्या किंचित पुढे जाऊन स्थिर राहिला. पुढच्या हप्त्यांत साय गेली, सकाळचा धूर आटला, अ‍ॅव्हरेजही परत वर सरकलं. मिस्त्री आता दुसऱ्यांना सांगतो की वॉल काढणं हा अडाणीपणा आहे.

मामांनी जुना सेंडरच पुन्हा बसवला होता. तो पहिल्यापासून खरं बोलत होता, मग त्याला नोकरीवरून काढायचा कशाला? नवा सेंडर घेऊन ते दुकानात आले, तेव्हा मी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं : इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही. मामांनी पाटी वाचली, मान हलवली, सेंडर खिशात टाकला.

अडचण ड्रायव्हरची झाली. बंपरखालची जागा रिकामी बघून त्यानं चावी मामांच्या हातात ठेवली आणि गाडी बाहेर काढणार नाही म्हणाला. त्याला लिंबू-मिरची दाखवून झाली, बाहुली दाखवून झाली. ते नुसतं शोभेचं, खरा जोर त्या पितळेत होता, असं त्याचं म्हणणं. रांगेत खेप चुकत होती. मामांनी खिशातून सेंडर काढला, तार ओवली आणि लिंबाच्या खाली बांधून टाकला. ड्रायव्हरनं तो निरखून बघितला, पितळच आहे याची खात्री केली आणि गाडी सुरू केली.

मी पायरीवरून बघत होतो. "अहो मामा, तो चालू सेंडर आहे," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले, "तपासूनच बांधलाय."